आमेन म्हणण्यापुरता आवाज

रिपोर्ट हातात आला त्या आठवड्यात मी प्रार्थना म्हणणं बंद केलं. कोणाला सांगितलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या बायकोने, रिबेकाने, नेहमीसारखा शब्बाथचा दिवा लावला, मनुकांच्या सरबताचा पेला माझ्या खुर्चीसमोर ठेवला, आणि मी "घसा दुखतोय" म्हणून गॅलरीत जाऊन बसलो. घसा दुखतच होता, त्यामुळे खोटं बोललो असंही म्हणता येणार नाही. पण खरं कारण तिला ठाऊक होतं. आत ती थोडा वेळ एकटी बसली, मग पेल्यावर तिनेच दोन शब्द पुटपुटले आणि मला जेवायला हाक मारली. कोथरूडच्या आमच्या त्या घरात इतका मुका शब्बाथ कधी झाला नव्हता.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात आम्ही मराठीच बोलतो, प्रार्थना तेवढी हिब्रूत. पुण्यात आता आमची घरं थोडीच उरली आहेत, बरेचसे नातेवाईक इस्रायलला गेले. आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, सगळ्यांकडून प्रार्थना म्हणवून घेणारे जे हज्जान होते, तेही एके वर्षी मुलांकडे निघून गेले. तेव्हा ज्येष्ठांनी मला पुढे ढकललं. "तुझा आवाज बरा आहे, तू उभा राहा." मी कारखान्यात नकाशे काढणारा माणूस. चाली वडिलांच्या तोंडून कानावर पडल्या होत्या, तेवढंच माझं शिक्षण. त्या शनिवारी उभा राहिलो तो निवृत्त झाल्यावरही उभाच होतो. सणाला, लग्नाला, मुलाच्या नावाला, मयताला, सगळीकडे माझा आवाज. देवाला देण्यासारखं माझ्याकडे तेवढं एकच होतं आणि ते मी आनंदाने देत आलो होतो.

म्हणूनच राग आला. पावसाळ्यापासून आवाज बसलेला होता. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, गुळण्या झाल्या. शेवटी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या, बोलणं शांत. "गाठ स्वरयंत्रातच आहे, बाहेर पसरलेली नाही, ही फार चांगली गोष्ट आहे. पण स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला पुढून एक छिद्र कायमचं राहील. तुम्ही बरे व्हाल, काका."

मी विचारलं, "आणि आवाज?"

"बोलण्यासाठी पुढे उपाय करता येतात. गाणं मात्र जमणार नाही."

रिक्षात रिबेका म्हणाली, "चला, म्हणजे आता भांडणात शेवटचा शब्द माझाच." मी हसलो. तीही हसली. घरी आल्यावर तिने मिक्सर लावला आणि बराच वेळ तो बंदच केला नाही. नंतर पाहिलं तर भांड्यात वाटीभर खोबरं होतं, त्याचं पार पीठ झालेलं, आणि तिचे डोळे लाल होते.

त्या दिवसांत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आमच्या धर्मात प्रत्येक गोष्टीला आशीर्वचन आहे, त्याला आम्ही बराखा म्हणतो. मोसमातलं पहिलं फळ खाताना बराखा, वीज चमकली की बराखा, इंद्रधनुष्य दिसलं, समुद्र दिसला, तरी बराखा. माणूस गेला तर घरच्यांनी कसं बसायचं, किती दिवस बसायचं, आरसे झाकायचे, सगळं ठरलेलं आहे. लग्न मोडायचं असेल तर त्याचीही रीत आहे. पण माणूस जिवंत आहे आणि त्याच्यातलं काहीतरी जाणार आहे, अशा वेळी काय म्हणायचं, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ना शोक करता येत होता, ना आभार मानता येत होते. मधल्या मध्ये मी लटकलेलो. आणि ज्याच्यासाठी आवाज वापरला त्याच्याशीच माझं बोलणं तुटलेलं.

ऑपरेशन सोमवारी ठरलं. त्याआधीच्या आठवड्यात रक्त तपासायला हॉस्पिटलमध्ये गेलो. रिबेका काउंटरवर होती आणि मी बाकावर. शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. हिरव्या चौकड्यांचा शर्ट, मांडीवर हेल्मेट, गळ्याला पांढरं फडकं. त्यांनी खिशातून टॉर्चसारखं एक यंत्र काढलं, हनुवटीखाली टेकवलं आणि बोलले. स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखा, एकाच सुरातला तो आवाज होता. मी नकळत बाकावर जरा सरकून बसलो.

"घाबरून राहिले काय?"

मी मान हलवली. हो म्हटलं की नाही, मलाच कळलं नाही.

"मी पण घाबरलो होतो. मेश्राम. मूळ भंडाऱ्याचा. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो, आता मुलाकडे राहतो बिबवेवाडीत." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आवाज कशासाठी वापरत होते जी आपण?"

इतक्या दिवसांत इतक्या जणांनी इतके प्रश्न विचारले होते. सिगारेट ओढता का, तंबाखू खाता का, वजन किती कमी झालं. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी माझ्या घोगऱ्या आवाजात सांगितलं, सगळंच सांगितलं, सिनेगॉग, चाली, वडील. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"मी विहारात वंदना घ्यायचो," ते म्हणाले. "दर रविवारी. ऑपरेशनच्या आधी घरच्यांना बसवलं समोर. म्हटलं, ही शेवटची मी घेतो. अर्ध्यात रडू आलं. पुढचं आठवेचना. जन्मभर म्हटलेलं आठवेचना! तर मांडीजवळ नात बसली होती, तिनं पुढची ओळ म्हटली. मग सगळ्यांनी म्हटली. मी ऐकत बसलो."

"तुमच्यात अशी रीत असते?"

"नाही जी. आपली आपण केली. बुद्ध काही रागावले नाही." त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, यंत्राच्या आवाजात ते उमटलं नाही. "तुम्ही पण करा काहीतरी. असेच जाऊन टेबलावर झोपू नका."

मला आत बोलावलं. बाहेर आलो तर ते रिबेकाशी गप्पा मारत उभे होते आणि दोघांनी एकमेकांचे नंबरही घेतले होते.

आमचा नबी एलियाहू, त्याला आम्ही एलियाहू हन्नाबी म्हणतो. अडचणीच्या वेळी तो अनोळखी माणसाच्या रूपात येतो आणि वाट दाखवून जातो, अशी आमच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. लहानपणी मला वाटायचं, त्याला पांढरी दाढी असेल. मेश्राम साहेबांनी दाढी गुळगुळीत केलेली होती आणि जाताना त्यांनी पार्किंगवाल्याशी चांगली हुज्जत घातली. मी याबद्दल कोणाशी वाद घालत नाही. एवढंच सांगतो की घरी जाताना रिक्षात माझा राग कुठेतरी उतरून गेला होता आणि मी रिबेकाला म्हटलं, "आपणही काहीतरी करू."

काय करायचं, हे ठरवायला आमचे बेन्यामिन काका आले. काठी टेकत, धापा टाकत जिना चढून. समाजात आता त्यांच्याइतकं वय आणि त्यांच्याइतकी जाण असलेलं दुसरं कोणी नाही. आमची मुलगी लीनाही ऑफिसातून थेट आली होती. रिबेका म्हणाली, "मलिदा करू."

मलिदा हा आमचा खास विधी. एलियाहू हन्नाबीच्या नावाने भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलदोडा घालून ताट भरायचं, वर फळं मांडायची, सुवासिक पानं ठेवायची, सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची आणि प्रसाद वाटून खायचा. लग्न ठरलं, मूल झालं, नवं घर घेतलं, नवस फेडायचा असला की मलिदा.

बेन्यामिन काका काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "मलिदा आभाराचा असतो, रिबेका. याचा आवाज जायचाय. आभार कशाचे मानायचे?"

"इतकी वर्षं वापरायला दिला, त्याचे," रिबेका म्हणाली.

काकांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "नारळ मंडईतून आण. इथले कोरडे निघतात."

मग आम्ही चौघं संध्याकाळभर बसून ठरवत राहिलो. शनिवारी सूर्यास्तानंतर करायचं, हे लीनाने सुचवलं. शब्बाथ संपतो त्या वेळी आमच्यात हवदाला करतात. हवदाला म्हणजे वेगळं करणं. वेणीसारखी गुंफलेली मेणबत्ती लावायची, सुगंध घ्यायचा, पेला हातात घेऊन पवित्र दिवसाला निरोप द्यायचा आणि कामाच्या दिवसांत पाऊल टाकायचं. लीना म्हणाली, "निरोप द्यायची रीत आपल्याकडे दर आठवड्याला आहेच की, पप्पा. त्यातच हाही निरोप." त्याला जोडून मलिदा. मलिद्याच्या आधी जमलेल्या प्रत्येकाने माझ्या आवाजात ऐकलेली एक आठवण सांगायची. शेवटी मी नबीचं स्तवन एकट्याने म्हणायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मग माझं म्हणणं संपलं असं सगळ्यांसमोर सांगायचं. काकांनी एकेक गोष्ट तपासून पाहिली. जुन्या शब्दांना हात लावायचा नाही, नवे शब्द मराठीत म्हणायचे, अशी त्यांची अट होती. ती सगळ्यांना पटली.

माझ्या डोक्यात आणखी एक आलं होतं. मी म्हटलं, "एकदा ते झालं की मी सोमवारपर्यंत मौन पाळीन. देवासाठी म्हटलेलं शेवटचंच शेवटचं राहू दे."

रिबेकाने हातातली सुरी खाली ठेवली. "देवासाठी शेवटचं शनिवारी म्हणा. माझ्यासाठी सोमवारी सकाळपर्यंत बोलत राहा. सांगून ठेवते."

शनिवारी घर भरलं. समाजातली चार-सहा कुटुंबं, समोरच्या फ्लॅटमधले जोशी पती-पत्नी, आणि मेश्राम साहेब सूनबाईंना घेऊन आले होते. डोकं झाकायचं असतं म्हटल्यावर त्यांनी खिशातला रुमाल काढून चार कोपऱ्यांना गाठी मारल्या आणि टोपीसारखा घातला. लीनाने मंडईतून सब्जाच्या डहाळ्या आणि देशी गुलाब आणले होते. खोलीभर वास पसरला होता. मेणबत्ती लागली, हवदाला झाला. मग आठवणी सुरू झाल्या. बेन्यामिन काका म्हणाले, "माझी बायको गेली तेव्हा कबरीपाशी याचा आवाज एकदाही हलला नाही. त्याला धरून मी उभा होतो." जोशी वहिनी म्हणाल्या, "शुक्रवारी संध्याकाळी यांचं ऐकू आलं की मी कुकर लावते. आमच्याकडे घड्याळ तेच." लीनाला आठवलं, दहावीच्या परीक्षेच्या वेळी मी तिला प्रार्थनेच्या चालीत "ऊठ गं, भूमिती आहे" असं उठवायचो ते. लोक हसत होते, डोळे पुसत होते. मला वाटलं होतं हे सगळं अवघड जाईल. उलट इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आणि मग माझी पाळी आली. मी ताटासमोर उभा राहिलो, श्वास घेतला, तोंड उघडलं. पहिला शब्द आला. दुसऱ्यावर आवाज फाटला. तिसऱ्याला नुसती हवा. मी थांबून पाणी प्यायलो, पुन्हा सुरुवात केली. काहीच नाही. जे देऊन टाकायला म्हणून मी उभा होतो ते आधीच गेलेलं होतं. इतकी माणसं बोलावली, इतकं सगळं मांडलं, आणि देवाने मला शेवटचं एक गाणंही म्हणू दिलं नाही, असं मनात आलं. ताटातले पोहे धूसर दिसू लागले.

तेव्हा माझ्या डाव्या बाजूने आवाज आला. लीना म्हणत होती. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. आमच्यात पुढे उभं राहून म्हणायचं काम पुरुषांचं, त्यामुळे कधी प्रश्नच आला नव्हता. पण ती म्हणत होती, शब्द न शब्द, आणि दुसऱ्या कडव्यात एका ठिकाणी तिने श्वास घेतला. तिथे श्वास घ्यायचा नसतो. शब्द मधेच तुटतो. ती माझी खोड होती. वडील त्यावरून मला रागवायचे, पण ती गेली नाही ती नाहीच. तिने तिथेच श्वास घेतला, माझ्याइतकाच घेतला आणि पुढचा शब्द माझ्यासारखाच जरा घाईने उचलला. मग बेन्यामिन काका सुरू झाले, मग रिबेका, मग सगळी खोली. आणि पुढच्या कडव्यात चालीतल्या त्याच ठिकाणी पोचल्यावर सगळेच तिथे थांबले. इतकी वर्षं माझ्यामागून म्हणताना ती चूक सगळ्यांची झाली होती.

मी ऐकत उभा राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ते स्तवन नुसतं ऐकत होतो. किती सुंदर होतं ते. म्हणणाऱ्याला ते कधी कळत नाही, त्याचं लक्ष पुढच्या ओळीकडे असतं. संपलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या घशात जेवढा आवाज शिल्लक होता तेवढा गोळा करून मी म्हटलं, "आमेन." तेवढ्यापुरता तो पुरला. मागून मेश्राम साहेबांच्या यंत्रातूनही घरघरत "आमेन" आलं, जरा उशिरा, त्यामुळे जास्तच ठळक. कोणीतरी हसलं, आणि मग आम्ही मलिदा वाटला.

रविवारी मी हुकमाप्रमाणे बोलत राहिलो. कुजबुजत, खरवडत, पण दिवसभर. रिबेकाला काही मोठं ऐकायचं नव्हतं. दूधवाल्याचं, वॉशिंग मशीनच्या आवाजाचं, तिच्या बहिणीच्या नव्या पडद्यांचं बोललो. सोमवारी स्ट्रेचर आत नेताना मी तिला शेवटचं वाक्य म्हटलं ते असं: "गॅस बंद केलास ना?" ती म्हणाली, "केलाय. जा आता." त्या आवाजातलं माझं शेवटचं बोलणं ते. मला त्याचं वाईट वाटत नाही. घराची काळजी करत गेला तो आवाज.

ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली. नळीतून जेवण, पाटीवर लिहून बोलणं, गळ्याच्या छिद्राची निगा, हे दिवस कोणाला हेवा वाटावा असे नव्हते. पण भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. निरोप देऊन झालेला होता. मागे वळून बघायचं काही उरलं नव्हतं. घरी आल्यावर शुक्रवारी पेल्यावरची प्रार्थना लीना म्हणू लागली, मी पेला धरून बसायचो. सिनेगॉगमध्ये आता एक तरुण गृहस्थ उभे राहतात. ते सुरात कमी पडतात आणि मनापासून म्हणतात. मी मागच्या बाकावर बसतो आणि ऐकतो. काका म्हणतात, ऐकून आमेन म्हणणाऱ्याची प्रार्थनाही पुरी धरली जाते. मला ते आता पटतं.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी गळ्यात एक छोटी झडप बसवली. छिद्रावर बोट ठेवून हवा वर ढकलली की त्यातून बोलता येतं. पहिले शब्द प्रार्थनेचे असावेत असं मी मनाशी ठरवून गेलो होतो. पण झडपेतून बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "एक ते पाच म्हणा." म्हणून मी एक, दोन, तीन म्हटलं. आकडे निघाले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला हसू आवरेना, आणि हसण्याचाही आवाज आला.

तो वार शुक्रवार होता. आमच्यात शब्बाथच्या जेवणाआधी नवऱ्याने बायकोची स्तुती म्हणायची पद्धत आहे. तिच्या कष्टांची, तिच्या शहाणपणाची. मी ती वर्षानुवर्षं खड्या आवाजात गात आलो होतो. खिडक्या उघड्या असायच्या आणि खालून जाणारे लोक वर बघायचे. त्या संध्याकाळी दिवा लागल्यावर मी गळ्यावर बोट ठेवलं. आवाज खोल होता, खरखरीत होता, टेबलाच्या पलीकडे जेमतेम पोचेल एवढाच. चाल नव्हती. एकेक शब्द सुटा करून, मधे थांबत, मी तिच्याकडे बघून म्हणत गेलो, आणि काय म्हणतोय हे मला प्रत्येक शब्दाला कळत होतं.

देवाने माझं काय घेतलं आणि काय ठेवलं याचा हिशोब मी आता करत नाही. जे हातात घट्ट धरलं होतं ते माणसांना बोलावून त्यांच्यासमोर सोडून देता आलं, एवढी त्याने कृपा केली. ती मेश्राम साहेबांच्या हातून केली, लीनाच्या गळ्यातून केली, त्याला नमस्कार.

त्या संध्याकाळी स्तुती म्हणून झाली. रिबेकाने भाकरीवरचं फडकं सरळ केलं, उगाच पुन्हा सरळ केलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं म्हणत होतात. आज पहिल्यांदा वाटलं, मला म्हणताय."